ॲबर्डीनचं पार्सल आणि लोदची मैत्रीण

वाचक लिहिते:

ताई, मी २६ वर्षांची. देवगड तालुक्यातल्या एका गावात आईवडील आणि दादा-वहिनीसोबत राहते, घरी मुलांच्या शिकवण्या घेते. इंग्रजी सुधारावं म्हणून चार महिन्यांपूर्वी हॅलोटॉक हे भाषा शिकायचं ॲप घेतलं आणि त्यावर तिघांशी बोलणं जमलं. एक इस्रायलमधल्या लोदची बाई. तिची आजी रेवदंड्याची, तिला मराठी शिकायचंय. दुसरी ब्राझीलची कॉलेजातली मुलगी. तिसरा स्कॉटलंडच्या ॲबर्डीनचा. तेलाच्या रिगवर इंजिनिअर आहे, बायको वारली, असं सांगतो. सध्या सुट्टीवर घरी आहे म्हणतो. रोज आपल्या सकाळी साडेसातला त्याचा मेसेज येतो, अंगणात उन्हात बसून चहा पितोय म्हणून. दहाव्या दिवशीच त्याने मला टेलिग्रामवर बोलावलं. या महिन्यात, सप्टेंबरात, माझा वाढदिवस आहे. त्यासाठी लॅपटॉप आणि घड्याळ पाठवतो म्हणून घरचा पत्ता आणि नंबर घेतला. घरी इतक्यात सांगू नकोस म्हणतो. आधी रिगवर नेट नाही म्हणून व्हिडिओ कॉल नव्हता, आता कॅमेरा बिघडलाय. परवा कुरियरची लिंक आली. दादाने फोन पाहिला आणि म्हणाला, सगळं डिलीट कर, परदेशातले सगळे भामटे. वहिनी काही बोलत नाही. ताई, खरंच सगळे खोटे असतात का? मी काही वाईट केलंय का? रात्री झोप लागत नाही.

उत्तर:

सगळे खोटे नसतात. तुझ्या तिघांतला एक खोटा आहे आणि त्याची ओळख तुझ्याच पत्रात आहे. तू काही वाईट केलेलं नाहीस. शिकायला म्हणून गेलीस, माणसं भेटली, त्यांच्याशी बोललीस. एवढं मनाशी पक्कं धर आणि मग पुढचं वाच.

आधी पार्सलचं, कारण त्याला वेळ थोडा आहे. लॅपटॉप, घड्याळ यातलं काहीही निघालेलं नाही. येणार आहे तो फोन. एक-दोन दिवसांत कुणीतरी, बहुधा बाई, "दिल्ली एअरपोर्ट कस्टममधून बोलतेय" म्हणेल. तुझं नाव, पत्ता, पार्सलमध्ये काय आहे हे सगळं तिला ठाऊक असेल, कारण नाव-पत्ता तूच त्याला दिला आहेस आणि पार्सलची गोष्ट त्याचीच आहे. पहिली मागणी जमवता येईल इतकीच असते, वीस-तीस हजारांची. ती भरली की दुसरा फोन: पार्सल स्कॅन केलं, आत पाउंडाच्या नोटा सापडल्या, आता दंड भरा, मनी लॉन्डरिंगचा दाखला काढा, नाहीतर अटक होईल. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. सोनं गहाण पडतं ते इथेच. त्याच वेळी इकडून इंजिनिअर रडवेला होऊन म्हणतो, माझी आयुष्याची कमाई आत आहे, तू भर, मी आलो की देतो. फोनवरची बाई आणि तो एकाच टोळीतले.

खरं कस्टम असं चालत नाही. परदेशातून पोस्टाने पार्सल आलंच तर त्यावरची ड्युटी पोस्टात पावती घेऊन भरायची असते. कुणाच्या खाजगी खात्यात किंवा यूपीआय नंबरवर नाही. कस्टमच्या अधिकृत पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्राच्या कस्टम मंडळाच्या, वेबसाइटवर तपासता येतो. फोनवर दमात घेणाऱ्यांना तो क्रमांक विचार, फोन ठेवतील.

आता त्याचा चहा. सप्टेंबरात ब्रिटनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. आपल्या सकाळच्या साडेसातला ॲबर्डीनमध्ये पहाटेचे तीन वाजलेले असतात. रिगवर असता तर रात्रपाळी म्हणता आलं असतं. पण तो घरी आहे, अंगणात आहे आणि उन्हात आहे. पहाटे तीनला तिथे मिट्ट काळोख असतो. नेटचंही तसंच. उत्तर समुद्रातल्या रिगवर कामगारांना वायफाय असतं. शिवाय त्याचे मेसेज येत होते ते कशावरून? आपल्याकडे गावागावात कुणी ना कुणी जहाजावर आहे. त्यांच्या घरी विचार, भर समुद्रातून व्हिडिओ कॉल येतो की नाही ते.

त्याचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघ. फक्त चेहऱ्याचा भाग ठेव, बाकीचं कापून काढ, मागचं दृश्य असलं की लेन्स त्याच्यामागेच धावते. दुसऱ्याच नावाने तोच चेहरा सापडला तर प्रश्नच मिटला. नाही सापडला म्हणून माणूस खरा ठरत नाही, कारण आता चेहरे संगणकावरही तयार होतात. पुढे कधी कुणाशी व्हिडिओ कॉल झालाच तर मान पूर्ण बाजूला वळवायला आणि चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांग. नकली चेहरा चढवलेला असेल तर बहुतेकदा तिथे चित्र फाटतं.

आजच्या आज हे कर. त्याला "तू खोटा आहेस" असं काही लिहू नकोस. टेलिग्रामवर समोरच्याला दोन्ही फोनवरचे मेसेज पुसता येतात, तुझ्याही फोनवरचे. म्हणून आधी स्क्रीनशॉट: पूर्ण बोलणं, त्याचं प्रोफाइल, युजरनेम आणि कुरियरची ती लिंक. मग रिपोर्ट, मग ब्लॉक. हॅलोटॉकवरही त्याला रिपोर्ट कर, म्हणजे तो दुसऱ्या मुलीपर्यंत पोचायला अडेल. लिंक उघडून नुसती पाहिली असशील तर घाबरू नको. पण तिथून एखादी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, फोनमध्ये घेतली असशील तर फोनचं नेट बंद कर, ते ॲप काढून टाक आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळव. फोनला फॅक्टरी रीसेट मारून मगच त्यावर बँकेचं ॲप पुन्हा चालू कर.

पैसे गेले नसले तरी तक्रार करता येते. दूरसंचार विभागाच्या संचार साथी वेबसाइटवर चक्षू नावाची सोय आहे, संशयित फोन-मेसेज तिथे नोंदवायचे. पैसे गेले असते तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवून. हे मिनिटांचं काम असतं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जातात आणि मधल्या खात्यात अडकले तरच गोठवता येतात. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, "रिफंड देतो, पिन टाका" म्हटलं की समजून जा.

तू लिहिलं नाहीस, तरी विचारलेलं बरं. त्याला काही खाजगी फोटो पाठवले आहेत का? असतील आणि त्यावरून धमकी आली तर एक रुपयाही देऊ नको, दिला की मागणी वाढते. असे फोटो पसरण्यापासून अडवायला स्टॉप एनसीआयआय ही वेबसाइट आहे, तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही. तुझ्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच सोबतच्या कंपन्यांकडे जातो, म्हणजे त्यांच्या ॲपवर तो फोटो अडवता येतो. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर स्त्रियांबाबतच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. वहिनी काही बोलत नाही म्हणतेस. गप्प राहणारं माणूस विरोधातच असतं असं नाही. या भागासाठी तिला सोबत घेऊन बस.

दादाचं अर्धं बरोबर आहे. त्याला धोका दिसला आणि तो खरा होता, हे त्याला मोकळेपणाने सांग. पण सुक्याबरोबर ओलं जाळायचं कारण नाही. पत्ता दिला गेलाय हे घरात सगळ्यांना कळू दे, आईवडिलांनाही. पत्त्यावर कुणी चालून येण्याची शक्यता फारच कमी, पण उद्या घरच्या लँडलाइनवर किंवा वडिलांच्या मोबाइलवर "तुमच्या मुलीचं पार्सल" म्हणून फोन आला तर त्यांना आधीच माहीत हवं. अशा माणसांचं निम्मं बळ "घरी सांगू नकोस" यातच असतं.

आता नंबरचं. भाषेच्या ॲपवर भेटलेल्या माणसाला निदान दोन-तीन महिने नंबर द्यायचा नाही, कितीही चांगलं वाटो. नंबर म्हणजे नुसता फोन नव्हे. कुणीही तो आपल्या यूपीआय ॲपमध्ये टाकला की बँकेतलं तुझं पूर्ण नाव समोर येतं. ॲबर्डीनच्या नावाने बसलेला माणूस बहुधा भारतातच असतो किंवा त्याचे साथीदार तरी इथेच असतात, तेव्हा ही अडचण खरी आहे.

टेलिग्राम ठेवायचं असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघड, फोन नंबरवर जा आणि "नोबडी" कर. ते केल्यावर खाली आणखी एक ओळ उघडते, नंबरवरून मला कोण शोधू शकतं म्हणून. तिथे "माय कॉन्टॅक्ट्स" कर. ही दुसरी ओळ बहुतेकांची राहून जाते. कुणाला कॉन्टॅक्टमध्ये घेताना "शेअर माय फोन नंबर" असं विचारतं, ते बंद ठेव. कॉल्सखाली पीअर-टू-पीअर "नेव्हर" केलंस की कॉलवरून समोरच्याला तुझा आयपी पत्ता, म्हणजे तुझ्या नेट-जोडणीचा क्रमांक, मिळत नाही. ग्रुप्सनाही "माय कॉन्टॅक्ट्स" लाव, नाहीतर घरबसल्या कमाईच्या टोळ्या तुला परस्पर ग्रुपात ओढतील. टेलिग्रामवरच्या साध्या चॅटला एंड-टू-एंड कुलूप, म्हणजे बोलणाऱ्या दोघांखेरीज कुणालाच वाचता येऊ नये असं कुलूप, नसतं, ते फक्त सीक्रेट चॅटला असतं. मला विचारशील तर सिग्नल हे ॲप घे. २०२४ पासून त्यात युजरनेम आहे, नंबर मुळातच लपलेला असतो आणि सगळं बोलणं कुलूपबंद. व्हॉट्सॲप घरच्यांसाठी राहू दे. त्यात अनोळखी कॉल गप्प करायची सोय चालू कर आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लाव.

फोटोंबाबत एक. शहरातल्या मुलीने खिडकीतला फोटो टाकला तर फारसं काही कळत नाही. आपल्याकडे देवळाची दीपमाळ, बाजूची विहीर, मागचा डोंगर एवढ्यावर गाव ओळखू येतं. प्रोफाइलला भिंतीसमोरचा साधा फोटो लाव, गावाऐवजी फक्त देश दाखव, वय लपव. ज्यांच्या शिकवण्या घेतेस त्या मुलांचा फोटो कुणालाही नाही. कुठलाही फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवू नको. तसा पाठवला तर तो काढला ती जागाही सोबत जाऊ शकते.

ब्राझीलच्या मुलीबद्दल तू फार लिहिलं नाहीस. तिचं घड्याळ, तिची उत्तरं, तिचा आवाज जुळत असेल तर चालू ठेव. साओ पाउलोकडची असेल तर ती आपल्या साडेआठ तास मागे आहे, तेव्हा तुझी संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ.

लोदच्या बाईबद्दल मात्र सांगावंसं वाटतं, कारण अशी मैत्रीण रोज मिळत नाही. तिची आजी बहुधा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. हे लोक शतकानुशतकं अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात राहिले, घरात मराठी बोलले, तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हटले गेले. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले. लोद, अश्दोद, दिमोना इथे त्यांची वस्ती आहे आणि मायबोली नावाचं मराठी नियतकालिकही तिथे निघालं. म्हणजे तिच्या गोष्टीत न जुळणारं काही नाही. अर्थात गोष्ट जुळते म्हणून माणूस खरं असं नाही, तेव्हा एक व्हिडिओ कॉल तिच्याशीही होऊ दे, वहिनीला शेजारी बसवून. पण बघ, चार महिन्यांत तिने तुझ्याकडे ना नंबर मागितला ना पत्ता. घाई केली ती फक्त त्या तिसऱ्याने.

तिला मलिद्याबद्दल विचार. पोहे, नारळ, गूळ आणि फळं घालून एलियाहू हन्नवी या त्यांच्या संदेष्ट्याच्या नावाने करतात तो. आजी कसा करायची ते तिला मोडक्या मराठीत सांगू दे, तू आपल्या गूळपोह्यांचं इंग्रजीत सांग. ॲपमध्ये मेसेज दाबून धरला की दुरुस्तीचा पर्याय येतो, तो दोघींनी वापरा. पण एका वेळी दोन-तीनच चुका दाखवा, प्रत्येक ओळ लाल झाली की बोलणं आटतं. पंधरा मिनिटं मराठी, पंधरा इंग्रजी असं घड्याळ लावून केलंत तर दोघींनाही सारखं मिळेल, नाहीतर जिची भाषा पक्की तिकडेच बोलणं वाहतं.

घरात रेंज नसेल आणि सड्यावर चढून जावं लागत असेल तर कॉलच्या नादी लागू नको. व्हॉइस नोटा घरी बसून निवांत रेकॉर्ड कर. मिनिटभराची नोट काहीशे केबीत मावते आणि रेंज आली की आपोआप जाते. फोटो-व्हिडिओंचं ऑटो-डाउनलोड बंद ठेव, डेटा त्यातच संपतो. पाऊस अजून सरलेला नाही, कडकडत असताना चार्जिंगला लावलेल्या फोनवर बोलू नको.

तिकडे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असतो. ती पाळत असेल तर त्या वेळात उत्तर येणार नाही, रुसू नको. सध्या ती आपल्या अडीच तास मागे आहे, तुझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिचे सात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासाने मागे जातील आणि फरक साडेतीन तासांचा होईल. मग तुझ्या साडेनऊला तिचे सहाच वाजलेले असतील. तेव्हा कामावरून ती घरी पोचलेली असते का, हे तिला आधीच विचारून ठेव.