नाव सासूबाईंचं, अर्ज वितरकाचा

प्रश्न : मी पंचवटीत राहते. माझ्या सासूबाईंनी २०१०च्या सुमारास घरीच मिसळ मसाला आणि गोडा मसाला करून विकायला सुरुवात केली. पुडीवर त्यांचंच नाव असायचं. २०१९ साली त्या गेल्या, तेव्हापासून धंदा मी सांभाळते. ‘उद्यम’ नोंदणी, अन्न परवाना, जीएसटी सगळं माझ्या नावावर आहे. सिन्नर-संगमनेर भागात आमचा माल पोचवणाऱ्या वितरकाशी गेल्या वर्षी हिशेबावरून बिनसलं. आता त्यानं आमच्याच नावाचा ट्रेडमार्क स्वतःसाठी मागितलाय. त्याचा अर्ज अडीच महिन्यांपूर्वी ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आला. वर त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे की १५ दिवसांत हे नाव वापरणं थांबवा, नाहीतर ५ लाख रुपये भरपाई द्या. माझ्याकडे ‘उद्यम’ असताना नाव त्याचं कसं होईल? शिवाय लहान उद्योगांना सरकार ट्रेडमार्क फुकट करून देतं, असं बचत गटातली मैत्रीण म्हणते. ते खरं आहे का?

उत्तर : ताई, पुड्यांची छपाई थांबवू नका आणि नावही बदलू नका. पण हातात वेळ थोडा आहे, म्हणून आधी तारखेचं बोलते.

अर्ज जर्नलमध्ये छापून आला की त्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत कुणालाही लेखी विरोध नोंदवता येतो. ही मुदत वाढवून मिळत नाही. तुमचे अडीच महिने गेले, म्हणजे जेमतेम दीड महिना उरला. तो निसटला तर त्याची नोंदणी होऊन जाईल आणि मग ती रद्द करून घ्यायला वेगळी, लांबची वाट धरावी लागेल. बाकी सगळं बाजूला ठेवून हा विरोध दाखल करा. फॉर्मचं नाव टीएम-ओ, ऑनलाइन फी २,७०० रुपये. आपला विभाग मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाकडे येतो, पण त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही.

आता ‘उद्यम’. हा गैरसमज मला दर महिन्याला भेटतो. ‘उद्यम’ म्हणजे तुमचा धंदा सूक्ष्म, लघु की मध्यम हे सांगणारा दाखला. अन्न परवाना सांगतो की तुम्हाला खाद्यपदार्थ करायची मुभा आहे. जीएसटी क्रमांक कराचा. यातल्या एकाही कागदानं पुडीवरच्या नावाचा हक्क मिळत नाही. तरीही हे कागद जपून ठेवा, कारण त्यांच्यावर तारखा आहेत, आणि तुमचं सगळं प्रकरण तारखांवरच उभं राहणार आहे.

ट्रेडमार्क कायदा १९९९ सालचा. त्याचं कलम ३४ सांगतं की नोंदणी झालेल्या माणसालाही, त्याच्या आधीपासून तेच नाव सतत वापरत आलेल्याला अडवता येत नाही. कलम २७ सांगतं की नोंदणी नसली तरी, दुसरा कुणी आपला माल तुमच्या नावावर खपवत असेल तर त्याच्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क शाबूत राहतो. तमिळनाडूत तिरुनेलवेलीला ‘इरुट्टुकडै’ हलव्याचं दुकान आहे. त्या नावावरून भांडण पार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१५ साली न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की आधी वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ. तुमच्या वितरकाची तर अजून नोंदणीही झालेली नाही, नुसता अर्ज आहे. नुसत्या अर्जाच्या जोरावर उल्लंघनाचा दावा लावता येत नाही, म्हणून नोटिशीतल्या ५ लाखांनी झोप उडवून घेऊ नका. उत्तर मात्र द्या, आणि वकिलामार्फतच द्या. दोन-तीन परिच्छेद पुरे : नाव कुणाचं, वापर कधीपासून, आणि हा गृहस्थ तुमचाच माल विकत होता. त्याला फोन करून किंवा व्हॉट्सॲपवर काही समजावत बसू नका. रागात लिहिलेलं एखादं वाक्यही पुढे तुमच्याविरुद्ध वाचून दाखवलं जातं.

जर्नलमधला त्याचा अर्ज नीट उघडून बघा. त्यात ‘वापर कधीपासून’ असा एक रकाना असतो. तिथे त्यानं ‘वापरण्याचा विचार आहे’ असं लिहिलं असेल, तर हे नाव आजवर आपण वापरलेलं नाही हे त्यानं स्वतःच कबूल केलंय. जुनी तारीख टाकली असेल तर त्या तारखेला तो कुणाचा माल विकत होता, हा प्रश्न त्याला अडचणीत आणेल.

म्हणूनच तुमचा सर्वांत मोठा पुरावा त्याच्याकडूनच आलेला आहे. त्यानं माल मागवलेले मेसेज, तुम्ही त्याच्या नावानं फाडलेली बिलं, त्यानं बँकेत भरलेले पैसे, हे सगळं आधी बाहेर काढा. मोबाइल बदलला असेल तर जुना हँडसेट फेकू नका, विकू नका. मोबाइलमधला पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचा मसुदा वकील करून देतील. त्यानंतर सासूबाईंच्या काळात चला. पुड्या आणि लेबलं छापणाऱ्या प्रेसची बिलं, डंकावर मिरची-मसाला कुटून घेतल्याच्या पावत्या, बचत गटाच्या प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, गटाच्या वहीतली नोंद, जुना फोटो ज्यात पुडी दिसते. घरगुती धंद्यात बिलाचं पुस्तक नसतं हे मला ठाऊक आहे. पण प्रेसवाल्याकडे असतं. त्याच्याकडे जा, जुन्या वह्या उघडायला लावा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. अर्जात ‘२०१०पासून वापर’ असं लिहायचा मोह होईल. कागद २०१३चा सापडला तर शपथपत्रात हातचा पुरावा कोणत्या सालापासून आहे ते सरळ लिहा, आणि त्याआधीच्या वापरासाठी ज्यांनी तेव्हा माल घेतला त्या दुकानदारांची शपथपत्रं जोडा. तारीख फुगवली आणि ती उघडी पडली, की खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

विरोधाबरोबर स्वतःचा अर्जही करा. नोंदणीसाठी मालाचे वर्ग पाडलेले आहेत, मसाले वर्ग ३० मध्ये येतात. तुम्ही लोणचं करत असाल तर ते वर्ग २९, त्याची फी वेगळी. आधी शब्दाची नोंदणी मागा, लेबलच्या चित्राची नंतर बघता येईल. त्याचा अर्ज तुमच्या आधीचा असल्यामुळे तपासणी अहवालात तोच तुमच्या आड दाखवला जाईल. घाबरू नका. उत्तराला एक महिना मिळतो आणि तेव्हा हेच पुरावे लागतात. नोंदणी होईपर्यंत पुडीवर ‘टीएम’ लिहिता येतं. गोलातला ‘आर’ मात्र छापू नका, नोंदणीआधी तो छापणं कायद्यानं चूक आहे.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ज्याची खरी काळजी वाटते ते. नाव सासूबाईंनी उभं केलं. त्या मृत्युपत्र न करता गेल्या असतील, तर त्या नावाची पत त्यांच्या सगळ्या वारसांकडे गेली : तुमचे सासरे हयात असतील तर ते, तुमचे यजमान, दीर, नणंदा. सून कायद्यानं वारस नाही. म्हणून २०१९च्या आधीचा वापर तुम्ही ‘माझा’ म्हणायला गेलात, तर समोरचा वकील पहिलं बोट इथेच ठेवेल. इलाज अवघड नाही. सगळ्या वारसांनी मिळून एक दस्त करायचा, त्यात हे नाव आणि त्याची पत तुमच्या नावे हस्तांतरित केल्याचं लिहायचं. नोंदणी नसलेलं नावही असं देता येतं. नणंदबाई मनानं कितीही चांगल्या असल्या तरी ‘आपलंच घर आहे, कागद कशाला’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आज सगळे तुमच्या बाजूनं आहेत, म्हणून आजच सह्या घ्या. आणि लेबल कुणा भाच्यानं काढून दिलं असेल तर त्याच्याकडूनही चित्राचे हक्क लिहून घ्या, कारण चित्राचा कॉपीराइट काढणाऱ्याचा असतो.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं खरं. फुकट नाही, पण निम्म्यात होतं. २०१७च्या नियमांप्रमाणे व्यक्ती, स्टार्टअप आणि ‘उद्यम’मध्ये बसणारे उद्योग यांना ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडतात, बाकीच्यांना ९,०००. तुम्ही एकल मालक म्हणून अर्ज करणार, म्हणजे ही सवलत तुम्हाला तशीच मिळते. भागीदारी असती तर ‘उद्यम’चा दाखला जोडावा लागला असता. सवलत अर्जापुरती आहे, विरोधाच्या २,७०० रुपयांत सूट नाही. याखेरीज केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग (एमएसएमई) मंत्रालयाची ‘इनोव्हेटिव्ह’ योजना आहे. तिच्यात ट्रेडमार्क नोंदणी झाल्यावर १० हजार रुपयांपर्यंत खर्च परत मिळू शकतो. पण आधी नोंदणी, मग पैसे. वाद चालू असताना ती रक्कम हिशेबात धरू नका. योजनेच्या सध्याच्या अटी जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

मला विचाराल तर तुमच्यासाठी याहून मोठी सरकारी मदत दुसरीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी सांगत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज करा. ट्रेडमार्कचं काम केलेला वकील हवा, हे अर्जात ठळक लिहा. पॅनेलवर असे वकील थोडे असतात, त्यामुळे पहिल्याच भेटीत ‘असे किती विरोध चालवलेत’ हे विचारायला संकोच करू नका.

विरोध दाखल झाल्यावर लोक निश्चिंत होतात, आणि तिथेच घात होतो. वितरकाला विरोधाची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, न दिल्यास त्याचा अर्ज सोडून दिला असं धरतात. त्याचं उत्तर तुम्हाला मिळालं की पुढच्या दोन महिन्यांत तुमचा पुरावा शपथपत्रावर जायला हवा, नाहीतर तुमचाच विरोध सोडून दिला असं मानलं जातं. माझ्या एका पक्षकाराचा चांगला विरोध याच टप्प्यावर गेला. कागद घरात होते, दुसऱ्या वकिलाकडे होते, मुदत मात्र कुणाच्याच वहीत नव्हती. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा.

त्यानं तुमच्या नावाचा स्वतःचा मसाला बाजारात आणला, तर मात्र जर्नलच्या लढाईची वाट बघायची नाही. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मनाईचा दावा लावता येईल. त्यासाठी एखाद्या दुकानातून त्याची पुडी बिलासकट विकत घ्या आणि न फोडता ठेवा.

आणि कदाचित तो निरोप पाठवेल की ‘सिन्नरच्या पलीकडे नाव माझं, अलीकडे तुमचं, मिटवून टाकू’. हिशेबाचं भांडण त्यात मिसळून सही मागेल. हिशेब वेगळा मिटवा, येणं असेल ते द्या किंवा घ्या. नावाबद्दलच्या एकाही कागदावर मात्र मला किंवा तुमच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.