घडीचं वर्कबेंच घेताना किलो पाहू नका

प्रश्न : डोंबिवलीत दोन खोल्यांचं घर आहे. गॅलरीत पाट, चौरंग, पुस्तकांची मांडणी असं काहीबाही बनवायची हौस आहे. घडीचं वर्कबेंच घ्यावं म्हणतो. एकाच्या खोक्यावर १०० किलो लिहिलंय, दुसऱ्यावर २०० किलो, आणि दुसरं बरंच महाग आहे. कोणतं घेऊ?

उत्तर : दोनशे किलोचं असं तुम्ही त्यावर ठेवणार तरी काय? तो आकडा वरून सरळ खाली येणाऱ्या वजनाचा. रंधा मारताना जोर जातो आडवा, आणि त्याचा आकडा खोक्यावर नसतो. तेव्हा दुकानात बेंच उघडायला लावा, वरच्या फळ्या धरून आधी लांबीकडे ढकला, मग रुंदीकडे. पाय रिव्हेटपाशी लचकले तर पुढचं पाहूच नका. मी आयटीआयमध्ये पोरांना सुतारकाम शिकवलं. डुगडुगत्या बेंचवर सरळ कड काढणारा पोरगा मला अजून भेटायचाय.

‘एका हातानं उचलतं’ याला भुलू नका. सहा-सात किलोचं बेंच रंध्याबरोबर चालू लागतं. खाली आडवी पायरी असलेलं घ्या. करवत चालवताना त्यावर एक पाय दाबून ठेवला की तुमचंच वजन बेंचला मिळतं.

पैसे मोजायचे ते पकडीसाठी. वरच्या दोन फळ्या म्हणजेच व्हाइसचे, लाकूड आवळून धरणाऱ्या शिकंजाचे, जबडे. जबडे आवळायच्या दोन्ही मुठी वेगवेगळ्या फिरायला हव्यात, म्हणजे चौरंगाचा निमुळता पायही घट्ट धरता येतो. जबडे मिटवून मध्ये ठिकठिकाणी कागद धरा आणि ओढा. कुठे सहज निसटला, तर तिथे फट आहे. भोकांत बसवायच्या खुंट्या बहुधा प्लॅस्टिकच्या असतात. त्या मोडतात, हरवतात. सुट्या मिळतील का ते आधीच विचारा.

जबडे एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचे, असतील तर गॅलरीतल्या पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगतील. आणल्या आणल्या पॉलिशचे दोन हात मारा, कडांना विसरू नका. पुढे खराब झालेच, तर जुनी फळी ठेवून भोकं आखायची आणि तेवढ्याच जाडीच्या वॉटरप्रूफ प्लायच्या नव्या कापायच्या. त्यासाठी फळ्या स्क्रूनं बसवलेल्या हव्यात. हेही दुकानातच वाकून बघा.

या बेंचचा जनक रॉन हिकमन, लोटस एलान मोटारीचा डिझायनर. १९६१ मध्ये घरी लाकूड कापताना त्यानं खालची महागडी खुर्चीही कापली, त्यातून ही कल्पना निघाली. कंपन्यांनी ती नाकारली, म्हणून त्यानं स्वतःच बेंचं बनवून विकली. नाकारणाऱ्यांतल्याच ब्लॅक अँड डेकरनं पुढे १९७०च्या दशकात ती बाजारात आणली. हिकमननं मुळात कापताना धरून ठेवायची सोय शोधली होती, हे लक्षात असू द्या.

म्हणून पटाशीनं ठोकून खाचा पाडायचं काम यावर नको. निम्मा ठोका बेंचच खातं. त्यासाठी आपल्या सुतारांसारखं जमिनीवर बसा, पायानं लाकूड दाबा, आणि खाली जाड ओंडका घ्या. ओंडक्याखाली गोणपाटाची घडी टाका, नाहीतर खालच्या मजल्यावरचे वर येतील. आठ बाय चारचा प्लाय मात्र घरी आणूच नका, दुकानातूनच मापानं कापून घ्या. कापणावळ जाते, गॅलरी वाचते.

प्रश्न : हातातला सर्क्युलर सॉ उलटा करून अशाच बेंचच्या जबड्यात पकडला, तर टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर आलेली करवत, होईल का? (मडगाव)

उत्तर : नाही. त्यासाठी पात्यावरचं गार्ड आणि बटण दोन्ही बांधून ठेवावी लागतात. लाकूड अडकून उलटं फेकलं गेलं, तर बटण सोडून मशीन थांबवायची सोयही उरत नाही. लाकूड जबड्यात धरा, कापायचं टोक बाहेर ठेवा आणि सॉ दोन्ही हातांनी चालवा.