मीटिंगा मोजायच्या का बायांना विचारायचं?

प्रश्न: मी बीड जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे. कुटुंब नियोजनासाठी घरभेटी, भिंतीवर लिहिणं, मीटिंगा सगळं करायलोत, पण उपयोग कशाचा होतो ते कसं कळावं? वर फक्त मीटिंगा किती झाल्या तेवढंच विचारतात.

उत्तर: ताई, मीटिंगा मोजून तुम्ही किती पळालात ते कळतं, बायांपर्यंत काय पोचलं ते नाही. तैवानच्या ताइचुंग शहरात १९६३ मध्ये याची मोठी परीक्षा घेतली होती, काही वस्त्यांत नुसती पत्रं, काहींत बायकोला घरी जाऊन भेट, काहींत नवराबायको दोघांना, आणि काहींत यातलं काहीच नाही. पत्रांचा फारसा उपयोग झाला नाही, घरभेटीचा झाला, आणि जिथं कुणी गेलंच नव्हतं तिथल्याही बाया शेजारणीकडून ऐकून साधन घ्यायला आल्या!

म्हणून वहीत एकच रकाना वाढवा, "कुणाकडून कळलं?" जाऊ, मैत्रीण, भिंत, तुम्ही, जे सांगेल तेच लिहा, आपल्या मनाचं नको.

दुसरं म्हणजे पहिल्या अंतरा इंजेक्शनवर (दर तीन महिन्यांनी घ्यायचं, दिवस न राहण्याचं) खूश होऊ नका, तीन महिन्यांनी दुसऱ्याला किती आल्या ते बघा. तुमच्याकडं तर दिवाळीच्या आसपास बाया ऊसतोडीला जातात, तारीख फडावर येते, मग ती बाई नको म्हणाली असं कसं म्हणायचं? टोळी निघायच्या आधी इंजेक्शनचं कार्ड तिच्या पिशवीत टाका आणि तिकडं जवळचा दवाखाना कोणता ते मुकादमाला विचारून ठेवा. आणि जी सोडते तिला ओरडू नका हो, पाळी बिघडली म्हणून घाबरली असेल, ते आधी नीट ऐकून घ्या.