आंब्याचा हंगाम संपल्यावर

मी समुपदेशक आहे. जून उजाडला की माझ्याकडे एक ठरावीक काळजी घेऊन आईवडील येतात. मुलगा किंवा मुलगी सुट्टीत बाहेरगावी कामाला गेलेली असते. कुणी महाबळेश्वरला हॉटेलात, कुणी पुण्यात कुरिअरच्या गोदामात, कुणी कोकणात आंब्याच्या बागेत. दोन महिने राबून, चार पैसे गाठीला बांधून पोर सुखरूप घरी येतं आणि घरात आल्यावर गप्प होतं. मग आईच्या जिवाला घोर लागतो, की तिकडं नक्की काय झालं असेल?

अशाच एका मुलाची ही हकिगत आहे. त्याला मी इथे सुमित म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी त्याला आणि त्याच्या आईला विचारलं आहे.

सुमित माण तालुक्यातला, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिलेला. मार्चअखेर गावातल्या एकाच्या ओळखीने रत्नागिरी तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराकडे हिशेब लिहायला गेला होता. राहणं-खाणं मालकाचं आणि महिन्याला १२,००० रुपये. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची आई त्याला साताऱ्याला माझ्याकडे घेऊन आली. तो बाहेर बाकावर बसला आणि ती एकटी आत आली.

"मॅडम, जाताना हसत गेलं ओ. आता जेवतंय, पण काय जेवतंय त्याकडं ध्यान न्हाई. पहाटं पावणेपाचला उठून वट्ट्यावर बसतंय. इचारलं तर म्हणतंय, काय न्हाई. दारूबिरूचा नाद लागला का, कुणी पोरगी हाय का, कुणी मारलंबिरलं का, काय कळंना."

मी सुमितला आत बोलावलं आणि पहिल्याच भेटीत चुकले. आईची भीती मी तशीच उचलली आणि त्याच्यासमोर ठेवली. तिथे कुणी त्रास दिला का? पैसे बुडवले का? काही वाईट घडलं का? तीन वेळा तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. तिन्ही वेळा तो "नाही मॅडम" म्हणाला, आणि दर खेपेला आवाज आणखी खाली गेला. हा प्रश्न विचारायलाच हवा, यात मला शंका नाही. परक्या गावात कोवळ्या मुलांची पिळवणूक होते, मजुरी अडकवली जाते, याहूनही वाईट घडतं. पण तो एकदाच, सरळ आणि एकांतात विचारावा आणि उत्तर ऐकून घ्यावं. पुन्हा पुन्हा विचारला की मुलाला वाटतं, यांना माझ्याकडून फक्त वाईटच ऐकायचं आहे.

त्या दिवशी वाट दाखवली ती माझ्या खोलीतल्या एका लाकडी पेटीने. लहान मुलांसाठीची खेळणी मी हापूसच्या जुन्या पेटीत ठेवते. उठता उठता सुमितची नजर तिच्यावर गेली. तो खाली बसला, फळीवरचा पुसट झालेला मार्का अंगठ्याने घासून वाचायचा प्रयत्न केला, आणि पहिल्यांदाच आपणहून बोलला.

"ही पाच डझनाला वापरलेली असणार."

मी म्हटलं, "पेटीवरून डझन कसे कळतात?"

"पेटी तीच असते मॅडम. फळ मोठं असेल तर चार डझनांत भरते, बारीक असेल तर सात-आठ डझन बसतात. खाली भाताचा पेंढा, मग आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा. या फळीवर बघा, पेन्सिलने पाच लिहिलंय."

मी सात वर्षं त्या पेटीतून बाहुल्या काढत होते. तो पाच मला कधी दिसला नव्हता.

त्याच्या हातांकडेही तेव्हाच माझं लक्ष गेलं. मनगटाच्या आतल्या बाजूला काळपट चट्टे होते. मला वाटलं भाजलं असेल. तो म्हणाला, चीक. आंबा उतरवताना देठ थोडा राखावा लागतो. तो फळापाशीच तुटला की चीक उडतो, फळावर डाग पडतो आणि माणसाची कातडी भाजते. हिशेबनीस असून आंबा उतरवायला कशाला गेलास, असं विचारल्यावर तो हसला. ते हसू आईने दोन आठवड्यांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीत मी त्याला एवढंच सांगितलं, की पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सगळा हंगाम क्रमाने सांग, मला घाई नाही. दीड तास लागला. बागेत काम करणारे सहा जण नेपाळचे होते. त्यातल्या सगळ्यांत मोठ्याला सगळे दाजू म्हणायचे, म्हणजे थोरला भाऊ. पहाटे उन्हाच्या आत आंबा उतरवायचा असतो. हिशेबाचं काम दुपारनंतरचं, म्हणून सुमित पहाटे दाजूबरोबर हिंडायला लागला. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झालेलं फळ कोणतं, हे दाजूने त्याला रंगावरून आणि देठाजवळच्या खळग्यावरून ओळखायला शिकवलं. रात्री गाडी वाशीच्या बाजाराला निघायची. कोणत्या अडत्याला किती पेट्या, कोणत्या प्रतीच्या, ते सगळं सुमितच्या वहीत असायचं. एकदा बारा पेट्यांचा फरक आला. मालक म्हणाले, असू दे, सकाळी बघू. हा रात्री दोनपर्यंत बसला आणि चूक शोधली. एकाच पानावरची बेरीज दोनदा धरली गेली होती. त्या रात्रीपासून मालक गाडी सोडताना पेट्या पुन्हा मोजायचे थांबले. सगळे त्याला मुनीमजी म्हणायला लागले.

घरी तो बाळ्या होता. शेतातून येताना वैरण आण, बहिणीला सोडून ये, रिचार्ज मार. पगाराचे २४,००० रुपये त्याने आईच्या हातात दिले. आईने देवापुढे ठेवले, नमस्कार केला, आणि दुसऱ्या दिवशी त्यातले १५,००० सोसायटीच्या हप्त्यात गेले. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पैसे घरासाठीच मिळवले होते. "पण मॅडम, ते कसे मिळवले हे कुणी विचारलं नाही," एवढं बोलून तो थांबला आणि खिडकीकडे बघत राहिला.

आणि शेवटचा दिवस? तो सांगताना त्याला शब्द सापडेनात. मेच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस आला. उरलेला आंबा भराभर कॅनिंगला गेला. ज्या फळाला आदल्या आठवड्यापर्यंत डझनाने भाव होता, ते किलोवर गेलं. दोन दिवसांत शेड रिकामी झाली. सुमित रात्री उशिरापर्यंत शेवटचा हिशेब पुरा करत होता, आणि पहाटे तीनला टेम्पो नेपाळी मंडळींना स्टेशनवर घेऊन गेला. तो झोपलेला होता, कुणी उठवलं नाही. सकाळी उठला तर त्याच्या बॅगेवर घळीची, म्हणजे आंबा उतरवायच्या काठीची, एक जाळी ठेवलेली होती, दाजूने स्वतः विणलेली.

त्या जाळीपाशी तो रडला. मोठ्याने नाही, पण बराच वेळ.

मुलाची काळजी करणाऱ्या प्रत्येक आईवडिलांना मला सांगायचं आहे, की हे खरं दुःख आहे. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं, ज्याला आजूबाजूची माणसं दुःख म्हणून मान्यच करत नाहीत. कुणी वारलेलं नाही, नोकरी गेलेली नाही, काम ठरल्याप्रमाणे संपलं, पैसे मिळाले, मग रडायचं कशाला? म्हणून मूल रडत नाही, गप्प होतं. त्यातच त्याला अपराधी वाटतं. सुमितनेही मला विचारलं, "घरी येऊन तिकडची आठवण काढतोय, म्हणजे मी आईबापाला विसरलो का?" मी म्हटलं, नाही रे बाबा. तिथे तू कुणीतरी झाला होतास, आणि ते कुणीतरी होणं घरी कुणाला दिसलेलं नाही. पहाटे पावणेपाचला उठणं हाही काही आजार नव्हता. त्याचं अंग अजून बागेच्या वेळेवर चाललं होतं.

तिसऱ्या भेटीला मी आईवडील दोघांना बोलावलं. वडील कमी बोलणारे, टोपी मांडीवर ठेवून बसलेले. मी सुमितला म्हटलं, आंबा कसा उतरवतात ते यांना दाखव. तो गोंधळला. मग कोपऱ्यात निथळणारी माझी छत्री त्याने उलटी धरली, मूठ वर केली आणि मान मागे टाकून छताकडे बघत म्हणाला, "ही घळ. वर पातं असतं, खाली जाळी. फांदीला हिसका द्यायचा नाही. देठ पात्यात आला की हळूच ओढायचं."

आई वर बघत होती, जणू तिथे खरंच झाड आहे. म्हणाली, "दिसभर मान वर करून? दुखत न्हाई व्हय रं?"

"पहिले आठ दिवस दुखते."

दोन महिन्यांच्या कामाबद्दल घरच्या माणसाने त्याला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मग ती विचारतच गेली. जेवायला कोण करायचं, भातच का, अंथरूण काय होतं, साप निघतात का. वडील मात्र पेटीकडे बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "लग्नाआधी दोन सिझन मी वाशीला होतो. गाडीतनं पेट्या उतरवायला." बायकोला ठाऊक होतं, मुलाला नव्हतं. आमच्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून राबली. घरोघरी हा इतिहास आहे आणि घरोघरी तो न बोललेला आहे. सुमितने विचारलं, "मार्का बघून लावायचा ना?" वडील म्हणाले, "न्हाईतर काय. अंधारात बी हातानं कळायचा." पुढची पंधरा मिनिटं ते दोघंच बोलत होते. मी आणि आई ऐकत होतो.

सगळं त्या दिवशी मिटलं असं नाही. दाजूचा नंबर सीमेपलीकडे लागत नव्हता. मी सुचवलं म्हणून सुमितने मालकांना फोन केला. पावसाळा संपला की ती मंडळी परत येतील, तेव्हा निरोप देतो, असं ते म्हणाले. तोवर थांबणं भाग होतं. जाळी त्याने ट्रंकेतून काढून खिळ्याला अडकवली. पहाटेचं उठणं जुलैपर्यंत टिकलं, फक्त आता वट्ट्यावर वडीलही चहा घेऊन येऊन बसायचे.

घरात असं मूल असेल तर कधी थांबावं आणि कधी डॉक्टरांकडे न्यावं, हे मला नेहमी विचारतात. जागा बदलली, काम सुटलं, की काही आठवडे उदास वाटणं स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, मित्रांनाही टाळत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगण्यात अर्थ नाही असं एकदा जरी बोललं तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी मदत घ्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य आहे, मराठीतूनही बोलता येतं. आणि मुलाने मारहाण, अडवलेला पगार किंवा अंगचटीला येणं असं काही सांगितलं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. "तू तिथे गेलासच कशाला" हे वाक्य तोंडातून बाहेर पडू देऊ नका.

नोव्हेंबरात दाजूचा फोन आला होता, असं आईने नंतर मला कळवलं. फेब्रुवारीत तिचा पुन्हा फोन आला. कलमांना मोहर चांगला आहे, मालकांनी विचारलंय, परीक्षा झाली की सुमित जायचं म्हणतोय, पाठवू का? मी म्हटलं, ताई, तुम्हाला काय वाटतं?

"जाऊ दे की. पण ह्या बारीला यायच्या दिवशी आम्ही दोघं स्टँडवर जाणार हाय आणायला. आन् त्याला म्हटलंय, वही घिऊन ये, मला बघायचीय."