‘पॉझिटिव्ह फीडबॅक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: सिस्टिम्स थिंकिंग, म्हणजे गोष्टी एकमेकींवर कसा परिणाम करतात ते एकत्र पाहण्याची पद्धत, नवख्यांना समजावताना ‘पॉझिटिव्ह फीडबॅक लूप’ला (बदलाचा परिणाम फिरून त्याच बदलाला आणखी पुढे ढकलतो, ते चक्र) ‘सकारात्मक अभिप्राय चक्र’ म्हणावं का? सरळ ‘दुष्टचक्र’ म्हटलं तर काय बिघडतं?

‘सकारात्मक अभिप्राय’ साफ चूक. अभिप्राय माणूस देतो. इथे कुणी मत देत नाही. शिवाय पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, हा अर्थही इथे लागू नाही. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये निगेटिव्ह (म्हणजे बदलाला उलट खेचणाऱ्या) फीडबॅकच्या अ‍ॅम्प्लिफायरची कल्पना सुचली, ती सिग्नलमधली विकृती कमी करण्यासाठी. म्हणजे तिथे ‘निगेटिव्ह’च कामाचं. मांडवात माइक स्पीकरसमोर नेला की कर्कश शिट्टी वाजते, ती मात्र पॉझिटिव्ह.

‘दुष्टचक्र’ निम्मंच काम करतं. चक्रवाढ व्याज याच जातीचं, पण ठेवीदार त्याला दुष्ट म्हणणार नाही. ‘वाढवणारं चक्र’ही फसवं, कारण अशा चक्रात एखादी गोष्ट झपाट्याने घटूही शकते. माझी पसंती ‘रेटणारं’ आणि ‘सावरणारं’ या जोडीला: ज्या दिशेला सुरुवात झाली तिकडेच ढकलतं ते रेटणारं, उलट खेचतं ते सावरणारं. फीडबॅकसाठी शिक्षणशास्त्रातलं ‘प्रत्याभरण’ परीक्षेपुरतं ठीक. गप्पांत ते कुणी उच्चारत नाही.

ओळखायचं कसं? त्यासाठी ‘जितकं जास्त, तितकं…’ ही आपली रोजची वाक्यरचना पुरते. बोअरवेलचं पाहा:

जितकी भूजलाची पातळी जास्त, तितकी नव्या बोअरची खोदाई कमी.
जितकी खोदाई जास्त, तितका उपसा जास्त.
जितका उपसा जास्त, तितकी पातळी कमी.

शेवटी ‘कमी’ येणारी वाक्यं मोजा. इथे दोन. सम संख्या किंवा शून्य आलं तर चक्र रेटणारं, विषम आलं तर सावरणारं. म्हणून पातळी एकदा घसरू लागली की आणखी घसरते.

नवखे हमखास चुकतात ते दुसऱ्या वाक्यात. पहिलं वाक्य ‘कमी’वर संपलं म्हणून ते ‘जितकी खोदाई कमी, तितका उपसा कमी’ असं पुढे ओढतात आणि तेही मोजणीत धरतात. बेरीज तीन होते, उत्तर उलटं येतं. प्रत्येक वाक्य नव्याने ‘जास्त’पासूनच सुरू करायचं. दुसरी अडचण नामांची: ‘दुष्काळ पडला’ ही घटना ‘जितका’पुढे बसत नाही; ‘पाऊस’, ‘पातळी’, ‘उपसा’ असं कमी-जास्त होणारं नाम हवं.

आता कांदा. जितका भाव जास्त, तितकी लागवड जास्त. जितकी लागवड जास्त, तितकी आवक जास्त. जितकी आवक जास्त, तितका भाव कमी. एकच ‘कमी’, म्हणजे चक्र सावरणारं. मग भाव स्थिर का राहत नाही? मधल्या वाक्यात ‘उशिरा’ राहून गेलं. रब्बी कांद्याचं रोप तयार व्हायला सहा ते आठ आठवडे, ते शेतात लावल्यापासून काढणीला आणखी चारेक महिने. चढा भाव पाहून बी टाकणाऱ्याचा माल बाजार समितीत पोचतो तेव्हा इतरांचाही पोचलेला असतो. भाव कोसळतो, पुढच्या हंगामात लागवड आखडते, आणि भाव पुन्हा चढतो. वाक्य असं लिहा: ‘जितकी लागवड जास्त, तितकी पाच-सहा महिने उशिरा आवक जास्त.’