‘द ट्रेटर्स’ या टीव्ही रिअॅलिटी शोमध्ये स्पर्धक हॅरीने सहस्पर्धक मॉलीला फसवलं, हा डाव की विश्वासघात?

डावच. ब्रिटनच्या दुसऱ्या सीझनचा (२०२४) नियम बघा: शेवटी एक जरी ट्रेटर (गुपचूप नेमलेला गद्दार स्पर्धक) उरला तरी सगळे पैसे त्याचे, फेथफुलच्या (बाकीच्या प्रामाणिक स्पर्धकांच्या) हाती भोपळा. हॅरी ट्रेटर, मॉली फेथफुल; म्हणजे तिच्याशी वाटणी करायची सोयच हॅरीला नव्हती. ९५,१५० पौंड एकट्याने नेले.

खरी चूक मॉलीची. शेवटच्या तिघांत जॅझला हॅरीचा संशय आला होता, पण कुणाला बाहेर काढायचं या मतदानात मॉलीने हॅरीच्या मैत्रीपायी जॅझचंच नाव पाटीवर लिहिलं! मग हॅरीने ‘मी ट्रेटर’ म्हटल्यावर तिचा चेहरा... बघवत नाही, खरंच. त्याआधी त्याने पॉललाही बाहेर काढलं होतं, आणि पॉल तर त्याचाच साथीदार ट्रेटर. त्याच्यासाठी मात्र कुणी हळहळलं नाही.