फ्रीस्टाइल पोहताना आधी श्वास सोडायला शिकवा, घेणं आपोआप येतं

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा 8 वर्षांचा आहे, किक छान मारतो पण आठदहा हात झाले की मान वर काढून थांबतो, पाणी पितो, आणि सर काठावरून ‘श्वास घे, श्वास घे’ म्हणून ओरडतात. माझ्या भाच्याचं अगदी हेच झालं होतं, बडोद्यालाच, लालबागच्या पूलवर. मी स्वतः वीसेक वर्षं पोहतोय, घरातल्या चार मुलांना शिकवलंय, आणि माझं ठाम मत आहे की अशा मुलाला श्वास घेता येत नाही असं नसतंच, तो पाण्यात श्वास सोडतच नाही.

भाच्याचं तोंड मी गॉगल लावून पाण्याखालून पाहिलं तेव्हा कळलं. दोन्ही गाल फुग्यासारखे फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले आणि एकसुद्धा बुडबुडा नाही! आता असं पोरगं तोंड बाहेर काढतं तेव्हा त्याला त्या अर्ध्या सेकंदात आधी जुनी हवा सोडायची असते आणि मग नवी घ्यायची असते, दोन्ही कसं होणार, मग ते घाबरतं, मान उचलतं, आणि मान वर गेली की पाय खाली जातात. शिवाय जीव गुदमरतो तो मुख्यतः आतला कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे, म्हणून जास्त हवा भरून घ्यायला सांगितलं की उलट आणखी बिघडतं.

घरी योगासनं करत असाल तर भ्रामरी माहीत असेलच. तेच करायचं, फक्त तोंड पाण्यात. घरी मोठ्या टबात किंवा बादलीत (तुम्ही शेजारी बसा, एकट्याला सोडू नका) नाकाने ‘म्म्म्म’ करत सोडायचं, तोंड बाजूला वळवून पटकन घ्यायचं, परत म्म्म्म. नाकातून हवा बाहेर येत असली की पाणी आत जात नाही, हे मुलाला एकदा पटलं की अर्धी भीती तिथेच जाते. पूलवर गेल्यावर कमरेएवढ्या पाण्यात काठ धरून असेच दहावीस वेळा खालीवर, मग बाकी पोहणं. भाच्याला यालाच आठवडा लागला, लागू द्या.

मग मान. मान उचलायची नाही, फिरवायची, आणि तीही एकटी नाही, खांद्याबरोबर. उजवीकडे श्वास घेताना डावा हात पुढे लांब असतो, कान त्या दंडावर टेकल्यासारखा, उजवा हात मागे ओढला जात असताना तोंड वळतं आणि हात डोक्यावरून पुढे यायच्या आत परत पाण्यात. गॉगलची एक काच पाण्यातच राहिली पाहिजे, मुलांना ही खूण लगेच कळते. पोहताना डोकं पाणी पुढे ढकलतं ना, त्यामुळे गालाशी एक छोटा खळगा तयार होतो, हवा तिथेच मिळते, मान उचलली की तो खळगाच जातो. लालबागला एक काका रोज पोहायला यायचे, ते भाच्याला ‘माथुं नीचे’ (गुजरातीत ‘डोकं खाली’) म्हणत आणि स्वतः हळूहळू पोहून दाखवत, मला वाटतं माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

दोन्ही बाजूंनी, दर तीन हातांनी श्वास घ्यायचा आग्रह आत्ता नको. अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी ऑलिम्पिकची सुवर्णपदकं जिंकते ती बहुतेक उजवीकडेच श्वास घेऊन. आधी सोयीच्या बाजूने दर दोन हातांनी घेऊ दे, दुसरी बाजू पुढच्या उन्हाळ्यात बघा.

आणि एक, हात जोडून सांगतो. ‘कोण जास्त वेळ पाण्याखाली राहतं’ ही स्पर्धा मुलांना खेळू देऊ नका, भराभर श्वास घेऊन बुडी मारणं तर मुळीच नको. त्याने गुदमरल्याची जाणीव उशिरा होते आणि मूल पाण्यातच बेशुद्ध पडू शकतं, हातपायही न मारता, काठावरच्या माणसाला वाटतं खेळतंय.

उद्या तुम्ही काठावर बसाल तेव्हा हात, पाय काही बघू नका, फक्त तोंडाजवळ सतत बुडबुडे येतायत का तेवढं बघा.